मूळ सापडलं नाही, उपचार झाले

कॅन्सर झालाय असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, "कुठला?" तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाचा, आतड्याचा, असं काहीतरी उत्तर असणारच हे आपण सगळे धरून चालतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या बाबतीत ते उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि आजही नाही. गाठ काखेत होती. दुसरीकडे कुठंतरी सुरू झालेला कॅन्सर तिथं येऊन बसला होता, एवढं सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होतं. पण तो निघाला कुठून, हे इतक्या तपासण्या करूनही सापडलं नाही. तरीही ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. मूळच माहीत नसताना हे कसं काय करतात, हे त्या दिवसांत मला कुणीतरी मराठीत नीट समजावून सांगायला हवं होतं. म्हणून लिहिते आहे.

अक्का अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. सोलापूरचं नाव चादरीमुळं झालं, पण आता बऱ्याच मागांवर टॉवेलच निघतो. मागावरून उतरलेलं कापड कापायचं, कडा दुमडून शिवायच्या, सुटलेले धागे कात्रीनं उडवायचे, हे सगळं बायकांचं काम. मजुरी डझनावर. एका ओळीत बसलेल्या बायकांत कुणी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, कुणी मराठी, आणि दुपारच्या डब्याला सगळ्यांची शेंगाची चटणी एक होते. शिवलेला ढीग वरच्या फळीवर ठेवताना हात उचलला की काखेत काहीतरी अडकतंय असं अक्काला वाटायला लागलं. मार्च महिना होता, ऊन चढायला लागलं होतं. घामानं गाठ उठली असेल म्हणून तिनं हळद लावली. शेजारच्या मशीनवरच्या पद्मशाली मावशींनी स्वतः हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे घामाचं नाही की गं. उद्या काम बंद ठेव आणि दाखवून ये."

आमच्या भागातल्या डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं. मग टीबीची शंका घेतली. ती रास्तच होती, आपल्याकडे अशा गाठी पुष्कळ वेळा टीबीच्याच निघतात. पण त्यांनी नुसत्या अंदाजावर टीबीची औषधं सुरू केली नाहीत, आधी सुईची तपासणी करायला पाठवलं. याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे, कारण त्या औषधांचा परिणाम बघण्यात कितीतरी आठवडे सहज गेले असते. गाठ दुखत नव्हती म्हणून आम्ही निवांत होतो. खरं तर न दुखणारी, कडक, जागची न हलणारी आणि हळूहळू वाढणारी गाठच जास्त काळजीची असते.

सुईचा रिपोर्ट आला: मेटास्टॅटिक ॲडिनोकार्सिनोमा. ॲडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथींसारख्या पेशींपासून झालेला कॅन्सर. अशा पेशी स्तनात असतात, फुप्फुसात असतात, जठर, आतडी, स्वादुपिंड, अंडाशय, सगळीकडे असतात. काखेतल्या लसिकाग्रंथीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, मात्र त्या मुळात नसतात. म्हणून 'मेटास्टॅटिक', म्हणजे दुसरीकडून आलेला. त्या एका ओळीनं सगळं घर हादरलं. दाजी रिक्षा चालवतात. त्या दिवशी त्यांनी सात रस्त्यावर रिक्षा उभी केली आणि संध्याकाळपर्यंत एकही भाडं घेतलं नाही.

मग शोध सुरू झाला. मॅमोग्राफी झाली, काही नाही. स्तनाची सोनोग्राफी, काही नाही. छाती आणि पोटाचं सीटी स्कॅन, काखेतल्या गाठी सोडल्या तर काही नाही. स्तनाचं एमआरआय केलं, कारण मॅमोग्राफीत न दिसलेली बारीक गाठ एमआरआयमध्ये निम्म्याहून जास्त बायकांत सापडते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिथंही काही दिसलं नाही. एरवी 'काही नाही' ऐकलं की माणूस देवाला नारळ फोडतो. आमच्याकडे प्रत्येक 'काही नाही'नंतर भीती एक पायरी वर चढत होती.

पेट स्कॅनला पुण्याला गेलो, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांची आठवण म्हणून त्या गाडीला हे नाव आहे, आणि सोलापूरचा माणूस दवाखान्याला, कोर्टाला, मुलांच्या ॲडमिशनला पुण्याला जातो तो याच गाडीनं. पेट स्कॅनआधी काही तास पोटात अन्न नको असतं, कारण त्यात साखरेसारखं एक द्रव्य शिरेतून देतात. त्याला थोडा किरणोत्सर्गी भाग जोडलेला असतो. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून त्या जागा चित्रात उजळतात. कुर्डुवाडी गेली, दौंड गेलं, डब्यात इडली-वड्याचे ट्रे फिरत होते, आणि अक्का खिडकीकडे तोंड करून बसली होती. मीही काही खाल्लं नाही. ती मला चार वेळा म्हणाली, "तू खा की. तुझं काय स्कॅन हाय?"

चित्रात फक्त डावी काख उजळली. एका अर्थानं ती फार चांगली बातमी होती. यकृत, हाडं, फुप्फुसं स्वच्छ होती. पण प्रायमरी, म्हणजे कॅन्सर जिथून सुरू झाला ती मूळ गाठ, याही वेळी दिसली नाही.

याला 'कॅन्सर ऑफ अननोन प्रायमरी' म्हणतात. डॉक्टर आपसात नुसतं 'सीयूपी' म्हणतात. हा काही आमच्या शहरातल्या डॉक्टरांचा किंवा मशीनचा कमीपणा नव्हे. जगभरात कॅन्सरच्या शंभर रुग्णांतले साधारण दोन ते पाच असे निघतात. अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन केलं, तर बहुतेक वेळा प्रायमरी सापडते, बऱ्याचदा फुप्फुसात किंवा स्वादुपिंडात, आणि ती अगदी एवढीशी असते. पण काहींमध्ये शवविच्छेदनातही ती सापडत नाही. मूळ जागची गाठ वाढायच्या आधीच तिच्या पेशी बाहेर पडलेल्या असतात, किंवा ती जागच्या जागी विरून गेलेली असते, असं मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात अशा कॅन्सरला स्वतंत्र क्रमांक आहे, सी-80. आपल्या जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते. भारतातली खेड्यांसाठीची ती पहिलीच. अशा नोंदवह्यांतही जागा न सापडलेल्या कॅन्सरचा रकाना असतोच. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. या आजाराचे लोक आमच्या आधी होऊन गेले होते, त्यांची नोंद होती, त्यांच्यावर उपचार झाले होते.

सुईच्या तपासणीनंतर गाठीचा तुकडा काढून बायोप्सी झाली होती. त्याचा ब्लॉक आणि स्लाइड मुंबईला दाखवायच्या ठरल्या. कॅन्सरच्या घरात 'ब्लॉक' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण मी तोवर तो बघितला नव्हता. प्लास्टिकची छोटी जाळीदार चौकट, तिच्यावर पांढरट मेण आणि मेणाच्या मधोमध तपकिरी-करडा एक ठिपका. काडेपेटीहूनही लहान. चौकटीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. त्या ठिपक्यातून पापुद्र्यासारखे पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे आणि त्यांना वेगवेगळे रंग देऊन बघायचं. सगळं उत्तर असलंच तर त्या ठिपक्यात होतं. लॅबमधल्या बाईंनी दोनदा बजावलं, "उन्हात ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको." मे महिन्यातलं सोलापूर, पारा 43 वर. मेण वितळेल, निदान मऊ पडेल, या धास्तीनं मी ते पाकीट पर्समध्ये, पर्स पदराखाली आणि पदर सावलीत, अशी स्टेशनवर आले. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये अक्का म्हणाली, "दे माझ्याकडं. माझंच हाय ते." आणि उशीखाली हात घालून झोपली.

मुंबईत त्या ठिपक्यावर ज्या तपासण्या झाल्या, त्यांना इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. शरीरातल्या प्रत्येक अवयवाच्या पेशी आपापली ठरावीक प्रथिनं बाळगून असतात. कॅन्सर होऊन दुसरीकडे गेल्या तरी त्यांतली काही त्या सोडत नाहीत. त्या त्या प्रथिनाला चिकटणारं द्रव्य टाकायचं, चिकटलं तर काचेवर तपकिरी रंग उमटतो. अक्काच्या रिपोर्टात सीके-7 पॉझिटिव्ह, सीके-20 निगेटिव्ह आलं, म्हणजे मोठ्या आतड्याची शक्यता मागं पडली. टीटीएफ-1 निगेटिव्ह, फुप्फुसाची शक्यता कमी झाली. पॅक्स-8 निगेटिव्ह, म्हणजे अंडाशय आणि मूत्रपिंडही मागं पडलं. गाटा-3 पुसटसं पॉझिटिव्ह. ते स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिसतं, पण फक्त त्यातच दिसतं असं नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनचे दोन रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारी प्रथिनं, आणि हर-2 नावाचं आणखी एक प्रथिन बघतात, ते तिन्ही निगेटिव्ह. म्हणजे बोट स्तनाकडे जात होतं, पण ठाम नाही.

आणि इथं आमच्या घरातला खरा वाद सुरू झाला. आमचे चुलते म्हणाले, बंगळुरूला नेऊ. भाच्याच्या मित्राला कुठंतरी जनुकांची तपासणी करणारी लॅब माहीत होती. दुसऱ्या कुणी सुचवलं की तोंडातून आणि गुदद्वारातून, दोन्हीकडून दुर्बीण घालून बघा, एकदा काय तो सोक्षमोक्ष लावा. "मूळच सापडलं नाही तर औषध कशावर देणार?" हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्यानं विचारला. प्रश्न खोटा नव्हता. शेतात तण उपटताना मूळ राहिलं तर ते पुन्हा उगवतं, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत.

आमच्या ऑन्कोलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला बसवून घेतलं. पोटाच्या काहीच तक्रारी नाहीत, रक्त कमी नाही, शौचातून रक्त नाही, आणि रंगांच्या तपासण्या आतड्याकडे बोट दाखवत नाहीत, तर दुर्बिणी घालून हाती काही लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जेवढं शोधायला पाहिजे तेवढं शोधून झालंय. आता शोधत राहिलो तर आजार पुढं जाईल. काखेत ॲडिनोकार्सिनोमा, बाकी शरीर स्वच्छ आणि पेशंट बाई. अशा पेशंटना स्तनाचा कॅन्सर काखेत उतरलाय असं धरून उपचार करतात, आणि त्यांचं बरं होण्याचं प्रमाण चांगलं असतं."

हे त्यांचं एकटीचं मत नव्हतं. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट यांच्या बैठकीत केस ठेवली गेली होती. स्तनात काहीच हाताला लागत नाही आणि काखेत मात्र कॅन्सर, असे रुग्ण विल्यम हॉलस्टेड या अमेरिकन सर्जननं 1907 मध्येच नोंदवून ठेवलेत. तेव्हापासून या एका प्रकाराबद्दल वैद्यकशास्त्राला पुष्कळ कळलंय. मूळ न सापडलेल्या कॅन्सरच्या रुग्णांत साधारण पंधरा ते वीस टक्के लोक असे असतात, की आजार कुठल्या रूपात आणि कुठं दिसतो यावरून उपचारांची नेमकी दिशा ठरते. मानेतल्या गाठी, काखेतल्या गाठी, बाईच्या पोटातल्या पडद्यावर पसरलेला विशिष्ट कॅन्सर, पुरुषाच्या हाडात पसरलेला आणि रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन वाढलेला कॅन्सर, असे ते प्रकार. अक्का त्या भाग्यवान गटात होती.

भाग्यवान हा शब्द मी जपून वापरते, कारण बाकीचे ऐंशी टक्के मी केमोच्या वॉर्डात बघितले. एका बाईंच्या यकृतात खूप गाठी होत्या, मूळ सापडलं नव्हतं, ऑपरेशनला जागाच नव्हती. त्यांना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी सुरू होती. मूळ कुठंही असलं तरी बऱ्याच कॅन्सरवर थोडाफार परिणाम करणारी म्हणून ती वापरतात. पहिल्या काही सलाईननंतर त्यांच्या पोटातलं दुखणं कमी झालं, भाकरी जायला लागली. त्यांच्या नवऱ्याला डॉक्टरांनी खरं सांगितलं होतं, की अशा आजारात बहुतेकांचं आयुष्य वर्षाच्या आतबाहेर असतं. ते रोज त्यांच्यासाठी घरून ताक आणायचे. त्यांचं पुढं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. केमो फक्त बरं करण्यासाठी नसते, दुखणं हटवून चार घास गोड लागावेत म्हणूनही असते, हे मला त्यांच्यामुळं कळलं.

मोहोळकडचे एक काका होते, मानेत गाठ घेऊन आलेले. आपल्या भागात तंबाखू, मिश्री, मावा यांचं प्रमाण इतकं आहे की मानेत कडक गाठ आली की डॉक्टर आधी घसा तपासतात. त्यांच्या तोंडात, घशात, स्वरयंत्रात दुर्बिणीनं सगळं बघितलं, टॉन्सिल काढून तपासले, नाकामागची जागा बघितली, तरी मूळ दिसलं नाही. त्यांचं मानेचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन आणि त्याच्या जोडीला आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. सिस्प्लॅटिननं मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्याच्या बाटल्या द्यायच्या. काका हसून म्हणायचे, "उजनीचं धरण भरायलालेत माझ्यात." त्यांच्यावरही घसा-मानेच्या कॅन्सरचेच उपचार चालले होते, मूळ न सापडता.

त्या जनुकांच्या तपासणीबद्दल मी नंतर शांतपणे वाचलं, कारण तेव्हा ती न केल्याची रुखरुख काही नातेवाइकांना होती. जपानमध्ये अशा रुग्णांवर एक मोठी तुलना झाली, ती 2019 मध्ये छापून आली. एका गटाला जनुकांच्या तपासणीवरून मूळ ओळखून त्या अवयवाचं औषध दिलं, दुसऱ्याला सरसकट कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. वर्षभरानंतर पहिल्या गटातले लोक जास्त जगले असं दिसलं नाही. म्हणजे नुसतं मूळ ओळखणं पुरेसं ठरलं नाही. नंतर 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये क्युपिस्को नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात प्रश्न बदलला होता. मूळ कुठलं हे विचारण्याऐवजी, या गाठीत औषधाला बळी पडेल असा कुठला बदल आहे, हे बघितलं होतं. आधी केमोनं आजार आटोक्यात आणून मग तशी औषधं दिलेल्यांत आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा काळ साधारण 6.1 महिने निघाला, केमोच चालू ठेवलेल्यांत 4.4. आकडे लहान दिसतात. पण ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता त्यांच्यासाठी ते लहान नाहीत, आणि अशा तपासण्या आपल्या सरकारी दवाखान्यांपर्यंत, परवडेल अशा दरात याव्यात असं मला मनापासून वाटतं. पण ते यकृतात गाठी असलेल्या वॉर्डातल्या त्या बाईंसारख्या रुग्णांसाठी. अक्काचा रस्ता आधीच मळलेला होता आणि त्यावर लगेच निघणं हेच शहाणपणाचं होतं.

ऑपरेशन सोलापुरातच झालं. काखेतल्या लसिकाग्रंथी चरबीसकट काढल्या, त्यांतल्या चारांमध्ये कॅन्सर निघाला. स्तन काढला नाही. त्यावर आधी चर्चा झाली होती. स्तनाला काहीच न करता सोडून देणं बरोबर नाही, एकतर तो काढायचा किंवा त्याला पूर्ण रेडिएशन द्यायचं, आणि जगण्याच्या दृष्टीनं दोन्हींत फारसा फरक पडत नाही, असं सर्जननी सांगितलं. अक्कानं दाजींकडे बघितलंही नाही, स्वतःच सांगितलं, "ज्यात काय दिसंना ते कशाला कापायचं? शेक द्या." तिच्या पिढीच्या बायका असा निर्णय स्वतः घेत नाहीत, नवऱ्याकडे किंवा मुलाकडे बघतात. मला तिचा फार अभिमान वाटला.

घरी आली ती काखेतून निघालेली नळी आणि तिला जोडलेला डबा घेऊन. रोज सकाळी डब्यातलं पाणी मापायचं आणि वहीत लिहायचं. आधी लालसर, मग गुलाबी, मग पिवळट. ते पुरेसं कमी झाल्यावर नळी निघाली. दंडाची आतली बाजू बधिर झाली, तिथली एक नस ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा दुखावते. हात आखडू नये म्हणून भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. भाच्याच्या मुलीनं खडूनं भिंतीवर रेघा मारल्या होत्या. अक्काची बोटं रोज कुठवर गेली ते ती ओरडून सांगायची.

मग लाल सलाईन. ॲड्रियामायसिन हे औषध खरोखरच लाल असतं, आणि त्यानंतर लघवीही लाल होते. पहिल्यांदा कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून जाईल. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टू-डी इको केली. दर सलाईनआधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी कमी असल्या की पुढची तारीख. डाव्या हातात सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही, हे मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगायचे. केस साधारण तिसऱ्या आठवड्यात गेले. एका दुपारी सलाईन चालू असताना मी तिला वाचून दाखवलं, की हे लाल औषध इटलीतल्या मातीतल्या एका जंतूपासून मिळालं, समुद्राकडच्या भागातली माती होती. पुढं जे पॅक्लिटॅक्सेल मिळणार होतं, ते अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीत सापडलं होतं. ती बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली. "म्हंजी मातीच हाय," ती म्हणाली, "मग माझ्या अंगाला लागंल."

पॅक्लिटॅक्सेलनं उलट्या कमी झाल्या, पण बोटं आणि तळवे बधिर व्हायला लागले. हे औषध नसांना त्रास देतं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ज्या बाईची सगळी कमाई बोटांच्या टोकात आहे, तिच्यासाठी याचा अर्थ काय, हे मी समोर बघितलं. तिनं घरातला एक टॉवेल घेतला, कड दुमडली, आणि दुमड सरळ आहे की नाही ते बोटांना कळेना. डोळ्यांनी बघून तिनं ती सरळ केली. पुन्हा दुमडली. पुन्हा बघितली. मग टॉवेल बाजूला ठेवून म्हणाली, "हे परत येतंय का विचार मॅडमला." बहुतेकांचं महिन्यांत हळूहळू येतं, काहींचं पूर्ण येत नाही, असं मॅडमनी सांगितलं. खोटा धीर दिला नाही.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, आली तेव्हा केमो संपली होती, रेडिएशन सुरू व्हायचं होतं. पांढऱ्या पेशी सुधारल्या होत्या तरी गर्दीत नेऊ नका असा सल्ला होता. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी अक्का लहानपणापासून एकदाही चुकली नव्हती. आम्ही तिला नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, जातात त्या रस्त्यावर एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर बसवलं, तोंडाला मास्क लावून. सातही नंदीध्वज खालून गेले. बाराबंदी घातलेली माणसं, हलग्यांचा आवाज, आणि एकाच हातानं, उजव्या हातानं, तिनं गच्चीवरूनच अक्षता टाकल्या.

रेडिएशनचा काळ लवकर सरला. कातडी काळवंडली, थकवा आला. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी, वर्षाला मॅमोग्राफी. मूळ पुढंमागं स्तनात दिसू शकतं म्हणून स्तनावर लक्ष ठेवायचंच आहे. आणि दुसरीकडे कुठं काही तक्रार आली तर तीही अंगावर काढायची नाही. डावा हात थोडा सुजतो, त्याला घट्ट बाही घालते, त्या हातानं घागर उचलत नाही. कारखान्याच्या मालकांनी तिला शिलाईऐवजी तयार टॉवेल तपासायला बसवलंय. मजुरी थोडी कमी आहे, पण उजव्या हाताची बोटं बरीच परत आली आहेत आणि शिलाईवर परत जायचंच असं ती म्हणते.

मध्यंतरी तिच्याच ओळीतल्या एका तरुण मुलीनं मानेतली गाठ तिला दाखवली. दुखत नव्हती म्हणून ती गप्प बसली होती. अक्कानं दुसऱ्याच दिवशी तिला स्वतः सिव्हिलला नेलं, सुईची तपासणी होईपर्यंत सोबत थांबली. गाठ टीबीची निघाली. सहा महिन्यांची गोळ्यांची पुडकी सुरू झाली आहेत, आणि रोजची गोळी घेतली का ते अक्का सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी विचारते.